पिल्लू भर बाजारात लोळायला लागलं तर काय करायचं

दीड ते तीन वर्षांची पोरं बाजारात हमखास भोकाड पसरतात, कारण त्यांना हवं असतं खूप आणि बोलता येतं थोडं, त्यात भूक किंवा झोप आली असली की संपलंच. म्हणून पहिलं काम घरीच, पोट भरून, झोप काढूनच न्यायचं आणि पर्समध्ये केळं, पाण्याची बाटली ठेवायची (शेंगदाणे, फुटाणे या वयात नकोतच, घशात अडकतात). संध्याकाळच्या गर्दीत मंडई शक्यतो टाळाच.

निघतानाच सांगायचं, आज फक्त भाजी आणि दूध, खेळणं नाही. तिथे हाताला काम द्या, "बाळा, तू टोमॅटो टाक पिशवीत", एखादा पिचकला तर भाजीवाल्या मावशी सहसा काही म्हणत नाहीत.

तरी आडवं पडलंच तर आधी गाड्यांपासून बाजूला घ्या, मग उकिडवं बसून हळू आवाजात एवढंच, "तुला फुगा हवा होता ना, राग आला, मी इथेच आहे." बस. तेव्हा लेक्चर दिलं तर काहीही डोक्यात शिरत नाही, आणि फटका तर अजिबात नको. गप्प करायला चॉकलेट दिलंत की पुढच्या वेळी चॉकलेटसाठीच लोळणार, हे गणित त्यांना बरोब्बर कळतं. आजूबाजूच्या काकू "अगं दे ना त्याला" म्हणतीलच, हसून सोडून द्यायचं. अगदीच आवरेना तर पिशवी दुकानात ठेवा, "दादा, आलेच दहा मिनिटांत", आणि बाहेर एक चक्कर मारून या.