ट्राउट तीर्थनला, प्रॅक्टिस चोरलला

इंदूरमध्ये ट्राउट मासा नाही हे आधीच सांगतो, म्हणजे कुणी यशवंतसागर तलावावर ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारा, नकली किडा बांधलेला हूक) घेऊन बसायला नको. ह्या माशाला थंड पाणी लागतं, 10 ते 16 डिग्रीला खूष असतो, 20च्या वर गेलं की त्याचे हाल सुरू. त्यामुळे आपली नदी म्हणजे हिमाचलातली तीर्थन. 1909 मध्ये हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं काश्मीरहून ब्राउन ट्राउटची अंडी कुल्लूकडे आणली, त्या भागातल्या ट्राउटची सुरुवात तिथून. मालवा एक्सप्रेसनं अंबाला, तिथून मनालीकडची बस, औटच्या बोगद्याच्या अलीकडे उतरायचं आणि लारजी-बंजारवरून गुशैणी. आता एवढा प्रवास करून तिथं पहिले दोन दिवस झाडात अडकलेली लाइन सोडवत बसायचं असेल तर तुमची मर्जी, माझं म्हणणं ते सगळं इंदूरलाच उरकून जा.

सामान थोडक्यात. साडेआठ फुटी, 4 किंवा 5 वेटचा (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा नंबर) रॉड, चार तुकड्यांचा घ्या, ट्यूब बर्थखाली आडवी मावते. फ्लोटिंग म्हणजे तरंगणारी लाइन, तिच्या टोकाला 9 फुटी लीडर (बारीक होत जाणारी दोरी), त्याच्या टोकाला 5एक्स टिपेट (सगळ्यात बारीक तुकडा, 5एक्स ही त्याची जाडी). रीलवर उगाच पैसे घालू नका, ह्या मापाच्या माशाला ती फक्त लाइन गुंडाळायच्या कामाची. फ्लाय दोनच, अ‍ॅडम्स (1922 पासून चालतेय, अजून मासा हसत नाही तिला) आणि एल्क हेअर कॅडिस, हुकाचा नंबर 12 ते 16.

कास्टिंग, म्हणजे लाइन फेकणं, घराजवळच्या कुठल्याही मोकळ्या बगीच्यात शिका, लोक बघणारच, "भिया हे काय चाललंय" असं विचारणारच, विचारू द्या. फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधा, हूक नको, पोरं फिरत असतात. रॉड मागं नेऊन डोक्याच्या जरा मागे थांबवायचा, लाइन मागे पूर्ण सरळ होईपर्यंत वाट बघायची आणि मगच पुढे. चाबकासारखा फट्ट आवाज आला तर घाई झाली, खरी फ्लाय असती तर तुटून गेली असती. 25 फूट नीट पडायला लागलं की बास, तीर्थनवर त्याहून लांब क्वचितच टाकावं लागतं.

खरा खेळ पुढे आहे आणि तो बगीच्यात येत नाही. फ्लाय पाण्यावर पडली की तिनं वरून वाहत येणाऱ्या किड्यासारखंच यायला हवं, पाण्याच्याच वेगानं. पण होतं काय, मधला प्रवाह जोरात असतो, तो लाइनला ओढतो, लाइन फ्लायला ओढते, आणि फ्लायच्या मागे पाण्यावर बारीक व्ही उमटतो. तो व्ही दिसला की मासा येत नाही, विषय संपला. ह्याला ड्रॅग म्हणतात, आणि दहातले नऊ जण फ्लाय बदलत बसतात, ड्रॅग बघतच नाहीत. उपाय म्हणजे लाइन पाण्यावर पडल्या पडल्या रॉडचं टोक उचलून लाइनचा मधला भाग वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूला, टाकायचा, फ्लाय न हलवता. हात तोच लागतो जो संक्रांतीला पतंगाला ढील देताना लागतो, ओढायचं नाही, सोडायचं. पावसाळ्यानंतर इंदूरजवळची चोरल नदी वाहती असते तेव्हा तिथं जा, पूर ओसरल्यावरच, आणि तोच लोकरीचा तुकडा प्रवाहात टाकून शेजारून वाहणाऱ्या पानाबरोबर चालवून बघा. पान आणि लोकर चार-पाच फूट बरोबर गेले की जमलं.

तीर्थनवर मोठमोठे दगड, मध्ये मध्ये छोटे खळगे. ट्राउट तोंड वरच्या अंगाला करून उभा असतो, म्हणून तुम्ही खालून वर चढत जायचं, वाकून, आणि शक्यतो सावली पाण्यावर पडू न देता. पाण्यावर फेसाची रेघ दिसते ना, खाणं त्याच रेघेतून येतं, फ्लाय तिथं. दगडामागच्या खळग्यात रॉड उंच धरा, जवळजवळ सगळी लाइन हवेतच राहू दे, ड्रॅगची भानगडच मिटते. फ्लाय तुमच्याकडे येत जाईल तशी ढिली लाइन हातानं गोळा करत राहा, नाहीतर मासा फ्लाय घ्यायला वर उठला तरी तुम्ही उचलताय ती नुसती सैल दोरी. उठला की हिसका नको, रॉड फक्त वर घ्या.

मार्च ते ऑक्टोबरच, नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासे अंडी घालतात म्हणून बंदी असते. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी गढूळ, ड्राय फ्लायला काही उपयोग नाही, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सगळ्यात छान. मत्स्य विभागाचं परमिट आधी काढा, मापाचे आणि संख्येचे नियम त्यावरच वाचा, आणि ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कची हद्द लागली की रॉड बंद.

हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडनं दाबून टाका, मासा सोडायला सोपं जातं. हात आधी ओले करा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. सोडल्यावर फ्लाय चिकट झालेली असते, पाण्यात खळबळून सुती रुमालात दाबा, थोडं फ्लोटंट (फ्लाय तरंगती ठेवणारं औषध) चोळा आणि पुढच्या दगडाकडे सरका, त्याच खळग्यात लगेच परत टाकू नका.