गॅस प्रणालीची लांबी बॅरलशी कशी जुळवावी

एआर-१५ धाटणीच्या अर्धस्वयंचलित रायफलसाठी बॅरल निवडताना केवळ एकूण लांबी पाहून भागत नाही. गॅसचे छिद्र (गोळीमागचा थोडा वायू ज्यातून बाहेर घेतला जातो ते) कुठे पाडलेले आहे आणि त्यापुढे बॅरलच्या तोंडापर्यंत किती अंतर उरते, हेही पाहावे लागते. गोळी छिद्र ओलांडून बाहेर पडेपर्यंतच बॅरलमध्ये दाब टिकतो आणि तेवढ्या क्षणात छिद्रापासून मागे जाणाऱ्या बारीक गॅस नळीतून आलेल्या वायूच्या जोरावर बोल्ट कॅरियर (बोल्ट वाहणारा, मागे-पुढे सरकणारा भाग) मागे सरकतो.

गॅस प्रणालीच्या, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकापासून छिद्रापर्यंतच्या, प्रचलित लांबी चार आहेत: पिस्तूल सुमारे ४ इंच, कार्बाइन ७, मिड-लेंग्थ ९ आणि रायफल १२ इंच. अमेरिकी लष्कराच्या २० इंची बॅरलच्या एम१६ ला रायफल लांबी, तर १४.५ इंची एम४ ला कार्बाइन लांबी दिलेली आहे. खरा प्रश्न १६ इंची बॅरलचा, कारण त्यावर कार्बाइन आणि मिड-लेंग्थ दोन्ही मिळतात. माझ्या मते मिड-लेंग्थ घ्यावी. छिद्र पुढे असल्याने तेथे दाब कमी असतो, धक्का सौम्य लागतो आणि सुट्या भागांची झीजही कमी होते. (गॅस नळी मात्र छिद्राच्या जागेनुसारच घ्यावी लागते, तेथे आवडीनिवडीला वाव नाही.)

जुळणी तपासताना रिकाम्या पुंगळ्या पाहाव्यात. त्या फार पुढे फेकल्या जात असतील आणि त्यांच्या कडेवर एक्स्ट्रॅक्टरने (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याने) ओरबाडल्याच्या खुणा असतील, तर गॅस बहुधा जास्त आहे. अशा वेळी जड बफर (बोल्ट कॅरियरमागचे, त्याची गती आवरणारे वजन) लावून पाहावा. शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे अडकत नसेल, तर गॅस कमी पडत असावा. मात्र त्याआधी मॅगझिन बदलून पाहावे आणि रायफल पूर्ण रिकामी करून गॅस ब्लॉक (वायू नळीत वळवणारा भाग) छिद्रावर नेमका बसला आहे ना, याची खात्री करावी.