खिशातल्या घड्याळाचे ढिले काटे : या चुका टाळा

सांगलीत हरभट रोडवर माझ्या टेबलाशी जुनं खिशातलं घड्याळ येतं, तेव्हा बहुतेक वेळा त्यात आधीच कुणीतरी हात घातलेला असतो. आणि सगळ्यात जास्त घात करतो तो सुपर ग्लू.

तासकाटा तासचाकाच्या नळीवर बसतो. त्या नळीतून कॅनन पिनियन, म्हणजे खाली दात असलेली बारीक पोकळ नळी, वर येतं आणि त्याच्या टोकावर मिनिटकाटा. दोन्ही नुसते दाबून बसवलेले असतात, गोंदाचं तिथे कामच नाही. तासगावचा एक मुलगा पणजोबांचं घड्याळ घेऊन आला. "काका, एकच थेंब लावला होता." तो थेंब नळीत उतरून तासचाक आणि कॅनन एकजीव झाले होते. टिकटिक चालू, काटे जागच्या जागी. मग त्याने चावी जोरात फिरवली, आणि शेजारच्या मिनिटचाकाचे दोन दात गेले. डायलवर आणि काचेला आतून पांढरी वाफ धरली होती ती वेगळीच. ॲसिटोनमध्ये गोंद सुटला, पण दातांचं काय करणार? तसं चाक मिळेपर्यंत घड्याळ डबीत पडून राहिलं. छापील आकड्यांच्या डायलला तर ॲसिटोन लावूच नका, आकडेच पुसले जातील.

दुसरी चूक म्हणजे नक्की काय ढिलं आहे ते न पाहणं. घड्याळ मागे पडतं म्हणून लोक मिनिटकाटा दाबत बसतात. भिंग लावा, चावीने काटे फिरवा आणि काट्याच्या मधोमध दिसणाऱ्या टोकाकडे बघा. टोक फिरतंय आणि काटा जागीच असेल तर काटा ढिला. दोन्ही बरोबर फिरताहेत, पण हाताला काहीच जोर लागत नसेल तर कॅनन ढिलं. मग काटा कितीही दाबा, फरक पडणार नाही. कॅनन चिमटायचं काम घड्याळजीचं. आत बारीक तार न घालता चिमटलं तर ते कायमचं बिघडतं.

तासकाट्याच्या भोकाभोवती बारीक कॉलर असते. मी काटा पालथा ठेवून पोकळ पंचने ती कॉलर किंचित मिटवतो, नळीवर बसवून बघतो, पुन्हा किंचित. यात अर्धा तास गेला तरी चालेल. पक्कडीने दाबलं की भोक लांबट होतं आणि काटा तिरका बसतो. ज्यांना पाच मिनिटांत उरकायचंय त्यांनी या कामाला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काटे काढताना डायलवर प्लास्टिकचा तुकडा ठेवा. मीना डायल, म्हणजे काचेसारखा मुलामा दिलेली डायल, मधोमध दाबली तर तडकते, आणि ती तड जात नाही.

निळे पोलादी काटे घासू नका. तो निळा रंग तापवून आलेला असतो, एकदा गेला की गेला.

२०१९ च्या पुरात भिजलेल्या घड्याळांत काट्याचं भोकच गंजानं खाल्लेलं असतं. तिथे काटाच बदला.

अंधारात चमकणाऱ्या जुन्या काट्यांवर रेडियम असू शकतं. ते खरवडू नका, फुंकरही मारू नका.

बसवताना दोन्ही काटे बाराला जुळवा, मग चावीने पूर्ण बारा तास फिरवून प्रत्येक तासाला काटे एकमेकांना, सेकंदकाट्याला किंवा काचेला घासत नाहीत ना ते बघा. माझ्याकडचं घड्याळ यानंतर एक दिवस उभं टांगलेलं राहतं, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.