ब्राउझर प्रोसेसर व्यापून टाकत असेल तर आधी भाराचे ठिकाण शोधा

ब्राउझर उघडल्यावर लॅपटॉपचा पंखा जोरात फिरू लागला, टाइप केलेली अक्षरे उशिरा उमटू लागली आणि बॅटरी झपाट्याने उतरू लागली, की बहुतेक जण आधी कॅश साफ करतात आणि तरीही फरक पडला नाही तर ब्राउझर काढून पुन्हा बसवतात. या दोन्ही उपायांनी प्रोसेसरवरचा भार क्वचितच हलका होतो. कॅश ही डिस्कवर पडून असलेली साठवण आहे, तर प्रोसेसर त्या क्षणी चालू असलेल्या कामांत गुंतलेला असतो; आणि ब्राउझर पुन्हा बसवून आपल्या खात्यात प्रवेश केला की सिंकमुळे, म्हणजे खात्यातील मांडणी आपोआप परत आणणाऱ्या सोयीमुळे, जुनीच एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेली छोटी पूरक साधने) परत येतात. म्हणून काहीही पुसण्यापूर्वी भार कोठून येतो आहे ते पाहावे, असा माझा आग्रह आहे.

ते पाहण्याची सोय ब्राउझरमध्येच आहे. क्रोम 2008 मध्ये आला तेव्हापासून त्याचे काम अनेक स्वतंत्र प्रोसेसमध्ये (संगणकावर वेगवेगळ्या चालणाऱ्या कामांमध्ये) विभागलेले असते, आणि फायरफॉक्सनेही 2016 पासून तोच मार्ग धरला. त्यामुळे चालू कामांची यादी दाखवणाऱ्या विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये एकाच नावाच्या अनेक ओळी दिसतात आणि त्यांतली दोषी कोणती ते सहसा उमगत नाही. क्रोम आणि एज यांच्या मेनूतील ‘मोअर टूल्स’मध्ये ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर असतो, विंडोजवर शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबूनही तो उघडतो. फायरफॉक्समध्येही तो ‘मोअर टूल्स’मध्येच सापडतो. सीपीयूच्या (म्हणजे प्रोसेसरच्या) रकान्यावर क्लिक करून ओळी उतरत्या क्रमाने लावाव्यात आणि दोन-तीन मिनिटे नुसते निरीक्षण करावे. ब्राउझर नुकताच सुरू होऊन जुने टॅब परत उघडत असताना आकडे चढणे स्वाभाविक आहे. जी ओळ त्यानंतरही वरून हटत नाही, तिच्याकडे लक्ष द्यावे.

आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विंडोजचा टास्क मॅनेजर सर्व कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे भाग) मिळून 100 टक्के धरतो, त्यामुळे आठ लॉजिकल प्रोसेसर (विंडोज स्वतंत्र कोअर म्हणून मोजते ते) असलेल्या संगणकावर एखादे पान एक कोअर पूर्ण व्यापून बसले तरी तेथे जेमतेम 12 ते 13 टक्के दिसतात आणि सारे आलबेल असल्याचा समज होतो. मॅकवरील अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर आणि क्रोमचा टास्क मॅनेजर मात्र एका कोअरला 100 टक्के मानतात. एकाच पानाची बरीचशी जावास्क्रिप्ट (पान हलते-बोलते ठेवणारा कोड) एका वेळी एकाच कोअरवर चालते, म्हणून एकूण आकडा लहान असूनही ते पान गोठल्यासारखे वाटू शकते.

वरची ओळ एखाद्या टॅबची असेल तर ती निवडून प्रोसेस बंद करावी, पण त्याआधी त्या टॅबमध्ये अर्धवट भरलेला फॉर्म नाही ना याची खात्री करावी. एकाच संकेतस्थळाचे अनेक टॅब कधीकधी एकाच प्रोसेसमध्ये असतात आणि मग ते सगळेच एकदम कोसळतात. क्रोममध्ये ‘सबफ्रेम’ असे लिहिलेल्या ओळीही दिसतात. त्या पानात बसवलेल्या परक्या चौकटींच्या, पुष्कळदा जाहिरातींच्या, असतात. पाहत नसलेले टॅब काहीच खात नाहीत, हा समजही अर्धाच खरा आहे. मार्च 2017 च्या 57 व्या आवृत्तीपासून क्रोम मागच्या टॅबमधील टायमरला (ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कामांना) लगाम घालतो, परंतु ज्या टॅबमध्ये आवाज चालू आहे किंवा ज्याने सर्व्हरशी थेट जोडणी उघडी ठेवली आहे, त्याला त्यातून सूट मिळते. बैठक संपल्यावरही उघडा राहिलेला व्हिडिओ कॉलचा टॅब म्हणूनच बंद करावा. साधा मजकूर दाखवणारे पान सतत एक-दोन कोअर व्यापत असेल तर संशय घ्यावा: सप्टेंबर 2017 ते मार्च 2019 या काळात चाललेल्या कॉइनहाइव्ह सेवेची स्क्रिप्ट वापरून अनेक संकेतस्थळांनी वाचकांच्या नकळत त्यांच्या प्रोसेसरवर आभासी चलन काढले होते, आणि हे तंत्र त्या सेवेबरोबर नाहीसे झालेले नाही.

सर्वाधिक फसगत होते ती एक्स्टेन्शन्सच्या बाबतीत. एक्स्टेन्शनच्या पार्श्वभूमीतील कामाची ओळ वेगळी दिसते, पण व्याकरण तपासणारी, किमतींची तुलना करणारी किंवा पानाचे रंग गडद करणारी एक्स्टेन्शन्स आपला कोड प्रत्यक्ष पानात घुसवतात, आणि तो भार टॅबच्या नावावर जमा होतो. त्यामुळे निरपराध संकेतस्थळाला दोष दिला जातो. तेच पान इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी, खिडकीत उघडून पाहावे, कारण आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शन्स तेथे चालत नाहीत. तेथे भार उतरला तर सर्व एक्स्टेन्शन्स बंद करून ती एकेक सुरू करावीत आणि प्रत्येक वेळी थांबून आकडा पाहावा. दोन बदल एकदम केले की कशाने गुण आला ते कळत नाही. फायरफॉक्सचा ‘ट्रबलशूट मोड’ एक्स्टेन्शन्सबरोबर हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनही (चित्रांचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवण्याची सोय) बंद करतो, म्हणून प्रोसेसरच्या भाराची तुलना करण्यासाठी मी त्यापेक्षा नवे, कोरे प्रोफाइल (ब्राउझरमधील सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन्सचा स्वतंत्र संच) पसंत करतो.

व्हिडिओ पाहतानाच त्रास होत असेल तर कारण बहुधा वेगळे असते. व्हिडिओ ज्या पद्धतीने दाबून पाठवलेला असतो, ती उलगडण्याची सोय ग्राफिक्स चिपमध्ये नसेल तर सारे काम प्रोसेसरवर येते. व्हीपी9 आणि एव्ही1 या अशाच दोन पद्धती. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये व्हीपी9 पूर्णपणे उलगडण्याची सोय सातव्या पिढीपासून आणि एव्ही1 ची अकराव्या पिढीपासून आली. त्याहून जुन्या यंत्रावर हे व्हिडिओ जड जातात. क्रोमच्या सेटिंग्जमधील ‘सिस्टीम’ विभागात ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन (वर आलेले हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनच) चालू आहे का ते पाहावे, बंद असल्यास चालू करून ब्राउझर पुन्हा सुरू करावा. चालू असूनही त्रास असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर (ग्राफिक्स चिप चालवणारे सॉफ्टवेअर) अद्ययावत करावा, आणि त्यानंतरच अ‍ॅक्सिलरेशन बंद करून पाहण्याचा प्रयोग करावा. जुन्या यंत्रावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे व्हिडिओच्या गुणवत्तेत 1080 ऐवजी 720 निवडणे. त्यामुळे चित्रातील बिंदू निम्म्याहून कमी होतात. सेकंदाला 60 ऐवजी 30 चौकटी असलेला पर्याय मिळाला तर भार आणखी उतरतो.

नुसती ‘ब्राउझर’ नावाची मुख्य ओळच वर राहत असेल आणि एक्स्टेन्शन्स बंद करूनही फरक पडत नसेल, तर प्रोफाइल बिघडल्याचा संशय घ्यावा. खात्यात प्रवेश न करता नवे प्रोफाइल तयार करून त्यात तीच पाने उघडावीत. तेथे सगळे सुरळीत चालले तर क्रोममधील ‘रीसेट सेटिंग्ज’ किंवा फायरफॉक्समधील ‘रिफ्रेश’ वापरावे. दोन्हींत बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड राहतात, मात्र क्रोममध्ये एक्स्टेन्शन्स बंद होतात आणि फायरफॉक्समध्ये ती काढून टाकली जातात, हे आधी माहीत असावे. नव्या प्रोफाइलमध्येही भार तसाच राहिला तर दोष ब्राउझरबाहेर शोधावा. अँटिव्हायरस इंटरनेटवरून येणारी पाने तपासतो, हे एक कारण असू शकते. धुळीने पंख्याची वाट बुजली असेल तर तापलेला प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि तेच पान उघडायला त्याला अधिक वेळ राबावे लागते.

आपल्याला रोज लागणारे एखादेच संकेतस्थळ सर्व चाचण्यांनंतरही दोषी ठरत असेल, तर ते बनवणाऱ्यांना कळवावे. ब्राउझरची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम, प्रोसेसरचे नाव, टास्क मॅनेजरमधील त्या ओळीचे चित्र आणि एक्स्टेन्शन्स बंद असतानाही भार दिसतो ही नोंद, एवढे सोबत दिले की त्यांना तो बिघाड आपल्या यंत्रावर घडवून पाहता येतो.