ब्राइनमधून (खूप खारट पाण्यातून) लिथियम काढताय? या चुका टाळा

रिपोर्टमध्ये लिथियमचा आकडा चांगला दिसला की लोक लगेच खूश होतात, पहिली चूक तिथेच होते. लिथियम किती ते नंतर, आधी सोबत मॅग्नेशियम किती ते बघा. चिलीच्या अटाकामात मॅग्नेशियम लिथियमच्या साधारण 6 पट, बोलिव्हियाच्या उयुनीत 20 पटीच्या आसपास, आणि चीनच्या छिंगहाईतल्या काही सरोवरांत तर शेकडो पट, मग अटाकामात चालली ती पद्धत जशीच्या तशी तिकडे नेली की निम्मे पैसे चुन्यातच जाणार ना! बरं, चुना टाकून मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा जो बुळबुळीत गाळ तयार होतो तो लवकर फिल्टर होत नाही आणि त्यात अडकलेलं ब्राइन म्हणजे तुमचंच लिथियम. शिवाय मॅग्नेशियमच्या जागी कॅल्शियम येऊन बसतं, ते आधी काढलं नाही तर सोडा अ‍ॅश (लिथियम कार्बोनेट पाडायला वापरतात ते सोडियम कार्बोनेट) टाकल्यावर तेच पहिलं खाली बसतं, आणि प्रॉडक्ट अशुद्ध आलं म्हणून सगळे सोडा अ‍ॅशला शिव्या घालतात.

ब्राइन उन्हात आटवायच्या पॉन्डमध्ये लिथियमचं प्रमाण वाढतंय पण एकूण हिशोब कमी भरतोय? गळती तपासाच, पण काढून टाकलेलं मीठही तपासा. सल्फेट जास्त असेल तर लिथियम पोटॅशियमसोबत दुहेरी सल्फेट होऊन त्या मिठातच निघून जातं. यावर कॅल्शियम जास्त असलेलं ब्राइन मिसळून सल्फेट जिप्समच्या रूपात आधीच पाडायचं.

सगळ्यात वाईट वाटतं ते शेवटच्या धुण्यात. लिथियम कार्बोनेट उलट्या स्वभावाचं, पाणी तापलं की कमी विरघळतं: 20 अंशांना लिटरमागे साधारण 13 ग्रॅम, उकळत्या पाण्यात 7च्या आसपास. म्हणून 80-90 अंशांना पाडा, गरम असतानाच गाळा आणि धुवायचंही गरम पाण्यानेच, गार पाण्याने धुतलंत तर महिनोन्‌महिने उन्हात आटवून मिळवलेला माल तुम्ही स्वतःच्या हाताने परत विरघळवताय.

अ‍ॅल्युमिनियमचं सॉर्बंट (ब्राइनमधलं लिथियम धरून ठेवणारा पदार्थ) वापरत असाल तर गोड्या पाण्याने फार वेळ धुऊ नका, लिथियम पूर्ण निघालं की त्याची रचनाच मोडते, मग ते पुन्हा लिथियम धरत नाही.

आणि हो, सॅम्पलच्या बाटलीत तळाला खडे दिसले तर वरचं पाणी तपासून मिळालेला आकडा धरू नका, सॅम्पल घेतानाच वजन करून पातळ करून ठेवा.