महाडीबीटीच्या भरवशावर कॉलेज करणार असाल तर हे आधी वाचा

महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारचं पोर्टल, जिथून स्कॉलरशिपचे अर्ज होतात. घरून फी आणि रूमभाडं दोन्ही झेपणार नाही, सगळी भिस्त सरकारी स्कॉलरशिपवर आहे, अशांसाठी हे लिहितोय. फॉर्म कसा भरायचा याचे व्हिडिओ पोत्याने आहेत, पण खरी भानगड फॉर्म सबमिट केल्यावर सुरू होते, कारण पैसे येतात हो, तुमच्या सोयीने येत नाहीत इतकंच.

आधी आपली योजना कुठली ते नीट बघा. एससी आणि एसटीसाठी भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप, घरचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. ओपनवाल्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, तिथे मर्यादा 8 लाख आणि फी मिळते निम्मी. आणि 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास), ओबीसी मुलींना प्रोफेशनल कोर्सला ट्युशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ, उत्पन्न इथेही 8 लाखांच्या आत हवं. अ‍ॅडमिशन कॅप राउंडमधूनच (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) झालेलं पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला यातलं काही नाही. आणि "फी माफ" ऐकून लगेच हुरळून जाऊ नका, डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस हे त्यात धरत नाहीत, म्हणून अ‍ॅडमिशनच्या आधी कॉलेजकडून फीचं ब्रेकअप लेखी मागून घ्या.

कागदपत्रांचं फार सांगत नाही, यादी पोर्टलवर आहे. फक्त दोन गोष्टी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला 31 मार्चला संपतो त्यामुळे जुना चालेल या भ्रमात राहू नका, आणि प्रोफेशनल कोर्सला राखीव जागेवर जाणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावी-बारावीतच टाका, अ‍ॅडमिशनच्या तोंडावर जात पडताळणी समितीकडे पळापळ करून काही हाती लागत नाही. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्रही लागतं.

आता सगळ्यात जास्त पैसे जिथे अडकतात ती जागा, आधार सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे कुठल्या खात्यात यायचे ते आधारला जोडणं. बँकेत जाऊन आधारची झेरॉक्स दिली, अ‍ॅपमध्ये "लिंक्ड" दिसलं, म्हणजे झालं असं नाही. सरकारी पैसे अकाउंट नंबर बघून येतच नाहीत, ते आधारवर येतात आणि एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) शेवटचं जे खातं जोडलेलं असेल त्यात जाऊन पडतात. म्हणजे सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन एखादं पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं असेल आणि सीडिंग तिकडे गेलं असेल, तर तुम्ही इकडे पासबुक भरत बसा, पैसे तिकडे. आधारच्या वेबसाइटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघा, दोन मिनिटांचं काम आहे, तिथे चुकीची बँक दिसली तर हव्या त्या बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरा. अजून एक, पूर्ण केवायसीशिवाय उघडलेलं स्मॉल अकाउंट असेल तर त्यात वर्षभरात एक लाखाच्या वर जमा होत नाही, इंजिनीअरिंगची फी त्यात मावणार कशी? पूर्ण केवायसी करून साधं सेव्हिंग्ज करून घ्या.

अर्ज केल्यावर तो आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्य, मग त्या त्या विभागाकडे. अडकतो बहुतेक वेळा कॉलेजच्याच टेबलावर. त्यामुळे दर आठवड्याला स्टेटस बघायचं, "सेंट बॅक" आला तर शेरा वाचून तेवढंच दुरुस्त करून परत पाठवायचं, आणि स्कॉलरशिप विभागातल्या मॅडम-सरांशी गोडीत राहायचं, हे मी चेष्टेने म्हणत नाहीये. मंजूर पैसे खात्यात घेण्यासाठी पोर्टलवर "रिडीम करा" असं दिसलं तर एसएमएसची वाट न बघता लगेच करा.

एससीच्या मुलामुलींनी एक लक्षात ठेवायचं, केंद्राचा 60 टक्के हिस्सा कॉलेजची फी धरून थेट तुमच्या खात्यात येतो, राज्याचा 40 टक्के वेगळा येतो. खात्यात एकदम मोठा आकडा दिसला की नवा मोबाइल सुचतो, घरचेही उसने मागतात, पण त्यातली फी कॉलेजची आहे, आली की भरून पावती घ्या, नाहीतर पुढे मार्कशीट आणि टीसीला कॉलेज अडून बसतं.

राहण्या-खाण्याचं वेगळं बघावं लागतं. आधी सरकारी वसतिगृहाला अर्ज करा. तिथे नंबर नाही लागला तर राहण्या-खाण्याचे पैसे देणाऱ्या योजना आहेत, एससी आणि नवबौद्धांना स्वाधार, एसटीला स्वयम्, ओबीसीला सावित्रीबाई फुले आधार योजना (आधार कार्डाशी हिचा संबंध नाही). स्वाधारमध्ये मुंबई, पुणे, नागपूरला वर्षाचे 60 हजार मिळतात, पण कॉलेज ज्या गावात आहे तिथलेच रहिवासी असाल तर नाही, आणि हजेरी 75 टक्के लागते. अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांनी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता बघावा, तो शाहू शिष्यवृत्तीसोबत घेता येतो. फीच्या मात्र दोन योजना एकाच वेळी चालत नाहीत.

पैसे यायला उशीर होणारच असं धरून पहिल्या काही महिन्यांचं भाडं आणि मेसची सोय आधीच करून ठेवा. बऱ्याच विद्यापीठांत कमवा आणि शिका आहे, लायब्ररीत किंवा ऑफिसात थोडे तास काम, मेसचा खर्च बऱ्यापैकी निघतो. कॉलेज पूर्ण फी भरा म्हणून अडवत असेल तर तोंडी वाद घालू नका, स्कॉलरशिपला पात्र असल्याचा अर्ज लिहून द्या आणि पोच घ्या, तरी नाही ऐकलं तर तीच पोच घेऊन समाजकल्याण नाहीतर तंत्रशिक्षण सहसंचालकांचं ऑफिस गाठा.

दुसऱ्या वर्षी रिन्यूअल आपोआप होत नाही बरं का, फॉर्म परत भरावा लागतो, नापास झालात तर त्याच वर्षाची फी बहुतेक योजना दुसऱ्यांदा देत नाहीत. युजरनेम, पासवर्ड आणि अ‍ॅप्लिकेशन आयडी वहीत लिहून ठेवा, आणि नेटकॅफेवाल्याचा मोबाइल नंबर रजिस्टर करू नका, ओटीपी त्याच्याकडे जातो आणि पुढच्या वर्षी तो दुकान बंद करून गेलेला असतो.