व्यापारी संघटनेचा महिला विभाग चालवताना या चुका टाळा

कोल्हापुरात व्यापार एकट्या माणसाचा नसतो, अख्ख्या घराचा असतो. गुजरीतलं सराफी दुकान घ्या, लक्ष्मीपुरीतली धान्याची पेढी घ्या, मार्केट यार्डातली गुळाची अडत घ्या नाहीतर शिरोलीतली फौंड्री. उधारी कुणाकडे थकलीय, कुठला कामगार आजारी आहे, कर्जाचा हप्ता कोणत्या तारखेला जातो, हे घरातल्या बाईला पाठ असतं. कित्येकींच्या हातात तर गल्लाच असतो. म्हणून संघटनांनी महिला विभाग काढले हे योग्यच झालं. अडचण येते ती पुढे. पहिलं वर्ष उत्साहात जातं, दुसऱ्या वर्षापासून हजेरीला त्याच पंधरा-वीस जणी दिसतात आणि तिसऱ्या वर्षी हळदीकुंकवाशिवाय काही उरत नाही. मग "बायकांना वेळच नसतो" असं म्हणून विषय संपवला जातो. मला हे पटत नाही. दुकान, घर, सासू-सासरे, मुलांच्या परीक्षा सांभाळून बाई एकदा वेळ काढून येते. तिथे तिला परकं वाटलं की दुसऱ्यांदा येत नाही. तिला परकं वाटायला लावणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत, आणि बहुतेक सगळ्या दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

नवऱ्याचं पद बायकोला

संघटनेचा अध्यक्ष बदलला की महिला विभागाची अध्यक्षाही बदलते, कारण ती त्यांची पत्नी. सचिवांची पत्नी सचिव, खजिनदारांची पत्नी खजिनदार. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, तशी पद्धतच पडून गेलेली असते. पण परिणाम गंभीर होतात. ज्या वहिनींना या कामाची आवडच नाही त्यांच्या गळ्यात ते पडतं, आणि जिला आवड आहे तिचा नवरा कार्यकारिणीत नाही म्हणून ती कायम मागच्या खुर्चीत बसते. त्यातून संघटनेच्या निवडणुकीत दोन गट पडले असतील, तर ते भांडण जसंच्या तसं बायकांच्या बैठकीत येतं. कालपर्यंत एकमेकींकडे डबे पाठवणाऱ्या दोघी एका सोफ्यावर बसायच्या बंद होतात.

यावर उपाय म्हणजे महिला विभागाची मुदत मुख्य कार्यकारिणीच्या मुदतीपासून वेगळी ठेवा. शक्य असेल तर एक वर्ष पुढे-मागे ठेवा, म्हणजे दोन्हीकडची माणसं एकदम बदलत नाहीत. पदं सभासद बायकांनीच निवडावीत, हात वर करून निवडली तरी चालेल, पण त्यांनीच. आणि एक पद मुद्दाम अशा बाईसाठी ठेवा, जी स्वतः दुकान किंवा कारखाना चालवते. तिच्याइतकी सभासदांची नस दुसऱ्या कुणाला कळत नाही.

याच मुद्द्याला धरून सभासद कोण, हेही एकदा नीट ठरवा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या चपलेची वेणी घालणारे, शिवण करणारे हात बऱ्याचदा घरातल्या बायकांचे असतात. हुपरीच्या चांदीच्या कामातही घरोघरी बायका राबतात. या बायका आपल्याच व्यवसायात आहेत, पण मालकाच्या घरच्या नसल्यामुळे त्यांना आमंत्रण जात नाही. निदान वर्षातले दोन कार्यक्रम तरी कारागीर आणि कामगारांच्या घरच्या बायकांसाठी खुले ठेवा. मात्र त्यांना वेगळ्या रांगेत बसवणार असाल, तर बोलावू नका. त्यानं जे मन दुखावतं ते पुढे कशानं भरून येत नाही.

हळदीकुंकवाला कुणाला वगळतो आपण?

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याच चुकीबद्दल. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत प्रत्येक संघटनेत हळदीकुंकू होतं. निमंत्रणावर "सर्व सुवासिनींना आग्रहाचं निमंत्रण" असं छापलं जातं. आता आपल्याच सभासदांची यादी काढून बघा. नवरा गेल्यावर ज्या बाईनं दुकान बंद पडू दिलं नाही, व्यापाऱ्यांची देणी फेडली, पोराचं शिक्षण केलं, तिचं नाव त्या यादीत असतंच. संघटनेची वर्गणीही ती वेळेवर भरते. आणि वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाला आपण तिला एका ओळीत दाराबाहेर ठेवतो.

राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१७ साली विधवा पुनर्विवाहाला कायद्यानं मान्यता दिली. याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. राज्य शासनानं त्याच महिन्यात सगळ्या ग्रामपंचायतींनी हेरवाडसारखं पाऊल उचलावं असं परिपत्रक काढलं. एका खेड्यानं जे करून दाखवलं ते शहरातल्या शिकल्या-सवरल्या व्यापारी घरांना अवघड का वाटावं?

पण नुसतं "आता सगळ्यांना बोलवूया" म्हणून भागत नाही. बोलावलेली बाई येते, कोपऱ्यात बसते, हळदीकुंकवाचं तबक तिच्यापाशी आलं की देणारीचा हात थबकतो, आणि सगळ्यांच्या नजरा तिकडे जातात. त्यापेक्षा ती घरी राहिलेली बरी असं होतं. म्हणून तयारी आधी करा. निमंत्रणात "सर्व महिला सभासद" असं लिहा. ज्या तिघी-चौघी तबक घेऊन फिरणार आहेत त्यांना आदल्या दिवशी बसवून सांगा की कुणालाही वगळायचं नाही, विचारत थांबायचं नाही, ओळीनं पुढे जायचं. एखादीला स्वतःलाच कुंकू लावून घ्यायचं नसेल तर तिनं हात जोडावेत, तिला फूल आणि वाण द्यावं, आग्रह करू नये. वाण मात्र सगळ्यांना एकच. तबकाची सुरुवात एखाद्या ज्येष्ठ, एकट्यानं व्यवसाय सांभाळलेल्या काकूंपासून केली, तर पुढचं सगळं आपोआप सोपं होतं. पहिल्या वर्षी एक-दोन घरांतून नाराजी येईल. येऊ द्या. ज्यांना अजिबात मान्य नाही त्यांच्याशी वाद घालत बसू नका, पण त्यांच्यासाठी कार्यक्रमाचं स्वरूपही बदलू नका.

धंद्याचं पंचांग न बघता ठरवलेली तारीख

सराफांच्या संघटनेनं अक्षय्य तृतीयेच्या किंवा गुरुपुष्याच्या जवळपास मेळावा ठेवला, की निम्म्या बायका दुकानातच असतात. कापड व्यापाऱ्यांचं लग्नसराईत तसंच. गुळाच्या अडतवाल्यांना दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यापासून पुढचे काही महिने मान वर करायला फुरसत नसते. आणि मार्चअखेर तर कुणालाच नसते. वर्षाच्या सुरुवातीला एका मोठ्या कागदावर आपल्या धंद्याचा हंगाम लिहा आणि उरलेल्या मोकळ्या जागेत कार्यक्रम बसवा. दुपारी चारचा कार्यक्रम नोकरदार किंवा दुकानात बसणाऱ्या बाईला जमत नाही, रात्री आठचा लहान मुलांच्या आईला जमत नाही. एकच वेळ धरून बसण्यापेक्षा आलटून-पालटून ठेवा.

कोजागरीचं वेगळं सांगायला हवं. दूध आटवायला ठेवलं की मध्यरात्र होते, गाणी रंगात येतात. पण उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर चालत नाही. जिल्हा प्रशासन वर्षातले काही ठरावीक दिवस बारापर्यंतची सवलत जाहीर करतं, त्यात आपला दिवस आहे का ते आधी बघा. नसेल तर दहाला माईक बंद करून भेंड्या लावा. गप्पा त्यातच जास्त होतात.

पैसा: इथे मैत्री तुटते

महिला विभाग बंद पडायचं सगळ्यात मोठं कारण पैशाचा गोंधळ, आणि बहुतेक वेळा त्यात कुणी एक रुपयाही खाल्लेला नसतो. वर्गणी खजिनदार वहिनींच्या स्वतःच्या बचत खात्यात जमा होते, कारण मोबाइलवरून पाठवायला तेच सोपं पडतं. त्यातूनच घरचा किराणा जातो, त्यातूनच मंडपवाल्याचे पैसे. सहा महिन्यांनी हिशेब मागितला की त्यांना अपमान वाटतो, आणि मागणारीला संशय.

विभाग वेगळा नोंदलेला नसेल तर त्याचा पैसा हा मूळ संघटनेचाच पैसा आहे. संघटनेनं ठराव करून तिच्या नावावर एक स्वतंत्र खातं उघडावं, दोन सह्यांचं. क्यूआर कोड त्या खात्याचाच हवा. प्रत्येक जमेला पावती, प्रत्येक खर्चाला बिल, आणि पानवाल्यापासून रिक्षापर्यंतचा किरकोळ खर्च एका वहीत. ३१ मार्चला हे सगळं संघटनेच्या लेखापरीक्षणात गेलं पाहिजे. संघटना सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल, तर विभागाचा हिशेब बाहेर ठेवणं हा संघटनेचाच हिशेब अपुरा ठेवण्यासारखं आहे. दर बैठकीच्या शेवटी जमा-खर्च मोठ्यानं वाचून दाखवा. पाच मिनिटं लागतात, आणि मनातल्या शंका मनातच साठत नाहीत.

दुसरी गोष्ट भिशीची. व्यापारी घरांत भिशी जुनी आहे, तिनं अनेकींना अडीअडचणीत हात दिला आहे, हे मी नाकारत नाही. पण ती विभागाच्या नावावर चालवू नका. पाळीपाळीनं किंवा चिठ्ठी काढून रक्कम उचलायची भिशी ही चिट फंड कायदा १९८२ च्या व्याख्येत बसते, आणि अगदी लहान रकमांचा अपवाद सोडला तर शासनाच्या मंजुरीशिवाय ती चालवता येत नाही. शिवाय एखादीनं रक्कम उचलून हप्ते थकवले, की भांडण भिशीपुरतं राहत नाही, विभागाची बैठकच बंद पडते. आधीच सुरू असेल तर चालू फेरी पूर्ण करा, पुढची विभागाच्या नावावर सुरू करू नका.

प्रायोजक घेताना एकच पथ्य पाळा. निवडणूक जवळ आली की पैठणीच्या खेळांना पैसे द्यायला कुणीतरी पुढे येतं. पैठणी चांगली असते, पण व्यासपीठावर फलक त्यांचा लागतो आणि दुसऱ्या पक्षाच्या घरातल्या बायका पुढच्या वेळी येत नाहीत. व्यापाऱ्याला सगळे पक्ष गिऱ्हाईक. विभागालाही तसंच राहू द्या.

सहली, स्पर्धा, स्टॉल

सहलीत चूक होते ती जागा भरताना. पन्हाळा असो, जोतिबा असो की नृसिंहवाडी, बसमधल्या जागा ओळखीच्यांनी पहिल्याच दिवशी भरतात. चार-पाच जागा पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी राखून ठेवा आणि प्रत्येकीला एक जुनी सोबतीण जोडून द्या. रद्द केल्यास पैसे किती परत मिळणार ते नाव घेतानाच सांगा.

पाककला किंवा रांगोळी स्पर्धेचे परीक्षक सभासदांपैकी नकोत. गुणपत्रिका कुणी मागितली तर दाखवायची तयारी ठेवा.

घरगुती मसाले, लोणची, फराळाचे स्टॉल लावताना खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकीची अन्नसुरक्षा नोंदणी झालेली असावी, ती घरगुती विक्रीलाही लागते. विभागानं अर्ज भरून द्यायला एक दुपार ठेवली तर अनेकींचं काम होईल. आणि स्टॉल फक्त सभासदांपुरते ठेवू नका. त्याच त्या बायकांनी एकमेकींकडून चटणी विकत घेतली तर कुणाचाच धंदा वाढत नाही. बाहेरचं गिऱ्हाईक येईल अशा जागी, सणाच्या आठ-दहा दिवस आधी लावा.

व्हॉट्सॲपवर दोन गट ठेवा, एक फक्त सूचनांचा, जिथे पदाधिकारीच लिहितील, आणि दुसरा गप्पांचा. दवाखान्याची, रक्ताची, मयताची बातमी शुभ सकाळच्या फुलांखाली गाडली जाऊ नये.

अडचणीच्या दिवसाची तयारी न करणं

इतके कार्यक्रम का करायचे, असं कुणी विचारलं तर मी २०१९ आणि २०२१ च्या पुराकडे बोट दाखवते. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्या दोन्ही वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. शहरातल्या व्यापारी पेठांत पाणी शिरलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. त्या दिवसांत ज्या बायका एकमेकींना नावानं ओळखत होत्या त्यांनी माल हलवायला माणसं मिळवली, एकमेकींच्या सासू-सासऱ्यांना वरच्या मजल्यावर घेतलं, निवारा केंद्रांना भाकरी पोचवल्या. ज्या ओळखत नव्हत्या त्या टीव्हीकडे बघत बसल्या.

तरीही बहुतेक विभागांकडे आजही साधी यादी नसते. ती गल्लीवार करा. कुणाचं दुकान किंवा गोदाम तळघरात आहे, कुणाच्या घरी म्हातारी किंवा अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत, कुणाकडे टेम्पो आहे, कुणाच्या वरच्या मजल्यावर माल ठेवायला जागा आहे, कुणाकडे गॅसची मोठी शेगडी आणि पातेली आहेत. प्रत्येक गल्लीला दोघी जबाबदार, एक बाहेरगावी असली तरी दुसरी हवी. यादी मोबाइलवर असू द्या, पण कागदावर छापून घराघरात द्या, कारण पुरात वीज जाते आणि फोन बंद पडतात. दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात ती वाचून काढा, गेलेल्यांची नावं कमी करा, नव्यानं आलेल्या सुनांची घाला. आणि पाणी ३९ फुटांवर पोचल्याची बातमी आली की त्या दोघींनी आपल्या गल्लीतल्या प्रत्येक घरी स्वतः फोन करायचा, कुणी विचारेल म्हणून थांबायचं नाही.